विसरल्याचा दाखला

माझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही आणि यापुढे ते येण्याची शक्यता नाही, ही गोष्ट सिद्ध करायला आम्हाला एक वर्ष चार महिने लागले. यात दिरंगाई कोणाचीही नव्हती. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं, त्यामुळे एवढा वेळ लागला.

आधी गरज काय होती ते सांगते. सासूबाई, म्हणजे पद्मजाबाई, वय चौऱ्याहत्तर. अमरावतीच्या एका शाळेत चौतीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवत होत्या. त्यांनी शिष्यवृत्तीला बसवलेलं मूल रिकाम्या हाताने परत आलं नाही, अशी त्यांची ख्याती. सासरे गेल्यावर त्या एकुलत्या मुलाकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, परीक्षितकडे, अमेरिकेत ईडन प्रेरीला आल्या. ग्रीन कार्ड झालं, त्याला आता सहा वर्षं होतील. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा एक लहानसा झटका येऊन गेला. हातपाय वाचले. स्मरणशक्तीचा तळमजला वाचला, वरचा मजला गेला. एकोणीसशे ब्याऐंशीच्या हजेरीपटातली नावं आई ओळीने सांगायच्या. सकाळी उपमा खाल्ला की पोहे, हे अकरा वाजता सांगता यायचं नाही.

त्यांना हवं होतं ते एकच. अमरावतीला शकूताईंकडे जाऊन राहायचं. शकूताई म्हणजे थोरली बहीण, वय एक्याऐंशी, घरी एकटी. रोज आमच्या सकाळी आठ वाजता त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"काय गं पद्मे, ओळखलंस का?"

"काहून नाही ओळखणार? तोंड तर तेच आहे तुझं."

मी माझ्या मुलीच्या, अनयाच्या, टोस्टला लोणी लावत हे ऐकायचे आणि धरून ठेवलेला श्वास सोडायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही ओळखही जाईल. वर्षात जाईल, दोन वर्षांत जाईल, सांगता येत नाही. अमरावतीला जायचं असेल तर त्याआधी जा.

आता नियम पाहू. ग्रीन कार्डवाल्याने फार दिवस देशाबाहेर राहायचं नसतं. राहिला तर त्याला मुळात इथे राहायचंच नाही असा संशय घेतला जातो. नागरिक मात्र हवा तिथे, हवा तितका राहू शकतो. तेव्हा आईंना अमरावतीत राहायचं असेल, तर त्यांनी आधी अमेरिकन होणं भाग होतं. मग भारताचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला घ्यायचा, आणि तो दाखवून भारतात आजन्म येण्याजाण्याचं कार्ड मिळवायचं. एवढं केलं की त्या आपल्या बहिणीकडे राहायला मोकळ्या.

"ग्रीन कार्ड सोडूनच दिलं तर?" मी परीक्षितला विचारलं.

"आणि उद्या शकूमावशी गेली, तर आई कुणाकडे जाणार? परत यायचा रस्ता बंद."

"मग तूच सहा महिने रजा घेऊन जा ना त्यांच्याबरोबर."

"इशिता, प्लीज यार. माझं रिलीज आहे."

सॉफ्टवेअरवाल्या परीक्षितचं रिलीज गेली अकरा वर्षं आहे.

नागरिकत्वाला परीक्षा असते. इंग्रजी बोलणं, वाचणं, लिहिणं, शिवाय देशाचा इतिहास आणि कारभार. पंधरा वर्षं ग्रीन कार्ड असतं तर वयाकडे बघून इंग्रजीतून सूट मिळाली असती. आईंची नऊ-दहा वर्षं कमी पडत होती. राहिली वैद्यकीय सूट. त्यासाठी डॉक्टरांनी एक लांबलचक फॉर्म भरायचा की या व्यक्तीला अमुक विकार आहे, आणि त्या विकारामुळे ती नवीन काही शिकू शकत नाही. मी फॉर्मच्या सूचना पाच वेळा वाचल्या आणि पिवळ्या शाईने रंगवल्या. आमच्या डॉक्टर हॅल्वर्सननी पहिल्या चौकोनात भल्या मनाने लिहिलं, "वय झालं आहे." मी त्यांना सूचनांचं पान दाखवलं. वय होणं हे कारण चालत नाही. त्यांनी ते खोडलं आणि म्हणाले, मग आपण रीतसर तपासणी करू.

तपासणीत आमच्या घराची खरी अडचण पहिल्यांदा दिसली. आमच्याकडे नापास व्हायचा अनुभव कुणालाच नाही. परीक्षित बोर्डात आलेला. मी विद्यापीठात तिसरी. डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले, सफरचंद, टेबल, नाणं, आणि म्हणाले की थोड्या वेळाने हे परत विचारीन. मग वार विचारला. मी मराठीत सांगितलं. आईंनी परीक्षितकडे पाहिलं आणि परीक्षितला खोकला आला. त्या खोकल्यातलं 'गुरू' मला स्वच्छ ऐकू आलं.

"गुरुवार," आई म्हणाल्या.

मग ते तीन शब्द विचारले. परीक्षितने हातात काहीतरी गोल धरल्यासारखं केलं आणि त्याचा घास घेतला. मी त्याला टेबलाखालून पाय मारला. पण दुसऱ्या शब्दाच्या वेळी माझाच हात टेबल थोपटत होता, हे मला डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"मुलाची आणि सुनेची स्मरणशक्ती उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "आता त्यांना बाहेर बसवू."

फोनवरचा दुभाषी लावून त्यांनी तपासणी परत घेतली. आईंनी घड्याळ काढलं, त्यात बाराही आकडे उजव्या बाजूला होते. तीसपैकी नऊ गुण. बाहेर आल्यावर परीक्षित कितीतरी वेळ गाडी सुरूच करेना.

"नऊ?" तो म्हणाला. "आईला?"

"अरे, आपल्याला नऊच हवे होते."

"हो, पण नऊ?"

अर्ज गेला. मुलाखतीला पाच-सहा महिने लागणार होते. त्याच सुमारास महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला चंद्रशेखर काका भेटले. काका निवृत्त इंजिनियर, एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली या देशात आले आणि तेव्हापासून त्यांनी कुठलीच गोष्ट अर्धवट सोडलेली नाही. दर शनिवारी ते लायब्ररीत नागरिकत्वाच्या परीक्षेचा मोफत क्लास घेतात. निकाल शंभर टक्के. हे ते स्वतःच सांगतात, पण खरं आहे.

"सूट?" काका तिळगूळ खायचे थांबले. "पद्मजाताईंना? अगं, ज्या बाईने आयुष्यभर मुलं परीक्षेला बसवली, तिच्यासाठी तू सूट मागतेस?"

"काका, त्यांना सकाळचं संध्याकाळी आठवत नाही."

"आठवायचं कशाला? पाठ करायचं."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय की त्या काही शिकू शकत नाहीत."

"देऊ दे. सूट मिळेल, न मिळेल. केलेला अभ्यास कधी वाया जात नाही, इशिता."

हे शेवटचं वाक्य असं आहे की ते ऐकल्यावर मराठी माणसाला पुढे बोलता येत नाही. मला माझ्या आईचा, वडिलांचा आणि क्लासच्या सरांचा आवाज एकदम ऐकू आला. परीक्षित म्हणाला, "बॅकअप म्हणून ठेवू." तेव्हा परीक्षा देता येत नाही म्हणून सूट मागणाऱ्या बाईला आम्ही त्याच परीक्षेच्या क्लासला घातलं. यात काही चूक आहे, असं मंडळातल्या एकालाही वाटलं नाही. दोघींनी तर क्लासचा पत्ता मागितला.

काकांची पद्धत पाढ्यांची. उत्तरं क्रमाने, चालीवर, सगळ्यांनी एका सुरात. आई पहिल्याच शनिवारी रमल्या. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणीतरी बाकावर बसवलं होतं. घरी येऊन डाळ निवडताना त्या बे एके बेच्या चालीवर म्हणायच्या, "द कॉन्स्टिट्यूशन. सेट्स अप द गव्हर्न्मेंट. वी द पीपल." अर्थ विचारला तर म्हणायच्या, "अर्थ पुढच्या इयत्तेत."

या काळात घरात रोजची तोंडी परीक्षाही चालू होती. आमच्याकडे विसरणारं माणूस असलं की त्याला विचारायची पद्धत आहे. परीक्षित ऑफिसमधून आला की बूट काढायच्या आत विचारायचा, "आई, मी कोण?" मंडळात कोणी भेटलं की, "काकू, ओळखलंत का मला?" आई गोंधळल्या तर समोरचा माणूस स्वतःचं नाव सांगत नाही. तो मदत करतो. "सांगा बरं. न पासून सुरू होतं." मी तर फोनमध्ये नोंद ठेवत होते. बरोबर उत्तराला हिरवा ठिपका, चुकलं की लाल. शकूताईंसमोर दररोज हिरवा ठिपका होता. ती एक रांग हिरवी राहावी म्हणून बाकी सगळं चाललं होतं.

मुलाखतीच्या दिवशी आईंबरोबर मला आत बसू दिलं. दुभाषी फोनवर होता. ऑफिसर पीटरसन म्हणून बाई होत्या, शांत, चष्मा नाकावर. त्यांनी डॉक्टरांचा फॉर्म पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. मी मुळात माणसांचे हात बघत असते. त्यांनी पेनाचं टोपण काढलेलं होतं आणि पेन सहीच्या रेघेवर आलं होतं. केवळ सौजन्य म्हणून त्यांनी मान वर केली आणि आईंना इंग्रजीत विचारलं, "आज कशा आहात तुम्ही?"

इंग्रजी प्रश्नाचा सूर कानावर पडताच आई खुर्चीतून उठल्या. हात सरळ खाली घेतले. शाळा तपासायला साहेब आल्यावर मूल जसं उभं राहतं तशा उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुरुवात केली. "द कॉन्स्टिट्यूशन. सेट्स अप द गव्हर्न्मेंट. वी द पीपल. अ चेंज..."

मी "आई, आई" म्हणत होते. फोनमधला दुभाषी म्हणाला, "हे मराठी नाही, याचं मी काय करू?" आई थांबल्या नाहीत. एक्केचाळिसाव्या उत्तराला त्यांचा दम संपला, तेव्हा त्या बसल्या आणि शाबासकीसाठी पीटरसनबाईंकडे बघायला लागल्या.

पीटरसनबाईंनी पेनाला टोपण लावलं.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फॉर्म म्हणतो, ही व्यक्ती इंग्रजीतून नवीन काही शिकू शकत नाही. व्यक्तीने आत्ताच इंग्रजीतून एक्केचाळीस गोष्टी सांगितल्या. तेव्हा सूट नामंजूर. सूट नामंजूर म्हटल्यावर नियमाप्रमाणे तिथल्या तिथे परीक्षा घेणं आलं. समोर एक इंग्रजी वाक्य ठेवून वाचायला सांगितलं. आईंनी त्या कागदाकडे पाहून बेचाळिसावं उत्तर म्हटलं. तेव्हा परीक्षेत नापास. अर्ध्या तासात आई शिकण्याइतक्या सक्षम ठरल्या आणि पास होण्याइतक्या ठरल्या नाहीत. तीन महिन्यांच्या आत पुन्हा बोलावतील, नवीन कागद असतील तर आणा, असं पत्र हातात मिळालं.

काकांना फोन केला.

"एक्केचाळीस?" काका म्हणाले. "सलग?"

"काका, त्यामुळे सूट नाकारली."

"मध्ये कुठे अडखळल्या नाहीत?"

"नाही."

"वा," काका म्हणाले, आणि पुढच्या शनिवारी क्लासमध्ये पेढे वाटले.

त्याच आठवड्यात अनयाच्या शाळेतून चिठ्ठी आली. शाळेच्या फॉर्ममध्ये 'घरी कोणती भाषा बोलता' या रकान्यात मी अभिमानाने मराठी लिहिलं होतं. त्यामुळे अनयाला इंग्रजी कितपत येतं ते तपासणार होते. अनया सहा वर्षांची आहे आणि मी तिला मराठीत रागावले तर ती मला "मॉम, यूज युअर वर्ड्स" म्हणते. म्हणजे आमच्या घरात जिला इंग्रजीशिवाय काही येत नाही तिला ते येत नसल्याचा संशय होता, आणि जिला येत नाही तिला येत असल्याचा.

मी पुन्हा डॉक्टर हॅल्वर्सनकडे गेले. जास्तीचं पत्र हवं होतं. डॉक्टरांना मात्र खरोखरच कळेना.

"अर्थ समजल्याशिवाय माणूस एक्केचाळीस उत्तरं कशी लक्षात ठेवेल?"

"डॉक्टर, मी अशीच इंजिनियर झाले," मी म्हणाले.

ते हसले. मी हसत नाही असं पाहिल्यावर थांबले, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. दोन पानांचं पत्र तयार झालं. त्याचा सारांश असा की काही देशांत पाठांतर आणि शिकणं यांचा परस्परांशी संबंध नसतो.

पत्र चांगलं होतं, पण पीटरसनबाईंनी पुन्हा "कशा आहात" विचारलं तर काय, ही काळजी मला खात होती. आई पुन्हा उठतील, पुन्हा कॉन्स्टिट्यूशनपासून सुरू करतील. शकूताईंच्या रांगेत अजून सगळे ठिपके हिरवे होते, पण परीक्षितच्या रांगेत त्या महिन्यात चार लाल आले. वेळ कमी होता. आईंना काहीही करून उत्तर देण्यापासून थांबवायला हवं होतं. चौतीस वर्षं 'माहीत असेल ते लिहा, कोरं सोडू नका' सांगत आलेल्या बाईला कोरं सोडायला कोण शिकवणार?

मार्ग आईंनीच दाखवला. एका शनिवारी अनया आणि शेजारचा नील सोफ्यावरून उड्या मारत होते. मी तीनदा ओरडले, काही उपयोग झाला नाही. खुर्चीतून आईंचा आवाज आला, मुळीच न चढवलेला. "हाताची घडी, तोंडावर बोट."

अनयाला हा खेळ आजीने शिकवलेला. तिने घडी घातली, बोट ठेवलं. तिचं बघून नीलनेही ठेवलं. आणि मग आईंनी स्वतःही ठेवलं. घरात इतकी शांतता झाली की फ्रिजचा आवाज ऐकू आला.

"आई, चहा टाकू?" मी विचारलं.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. बोट हललं नाही.

"आई? चहा?"

बोट तसंच.

"बरं, बोला आता," मी म्हणाले.

"टाक," आई म्हणाल्या. "आलं घाल."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर सराव सुरू झाला. परीक्षित ब्लेझर घालून, चष्मा नाकावर घेऊन ऑफिसर व्हायचा. इंग्रजीत प्रश्न विचारायचा. आई उठायला लागल्या की मी म्हणायचे, "हाताची घडी." बसल्या, बोट ठेवलं, की शाबास आणि अर्धी नानखटाई. यात खोटं काही नव्हतं. खरोखर विसरलेल्या बाईला विसरल्यासारखं वागायला शिकवायचं, एवढंच. हे मी परीक्षितला समजावलं, त्याने मला समजावलं, आणि वकिलांना विचारायचं नाही असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

काका ऐकून दुखावले. "माझ्या क्लासची विद्यार्थिनी मुद्दाम गप्प बसणार?"

"मुद्दाम नाही काका. त्यांना येत नाहीच."

"येत नसलं तरी उत्तर देता येतं, हे मी पन्नास वर्षं दाखवून देतोय."

पहिल्या आठवड्यात आई दर दोन प्रश्नांत एकदा चुकून उत्तर द्यायच्या. दुसऱ्या आठवड्यात मला 'हाताची घडी' म्हणावं लागेना, प्रश्नाचा सूर पुरायचा. तिसऱ्या आठवड्यात सूर मराठी आहे की इंग्रजी, हा फरकही उरला नाही. निकाल शंभर टक्के. नवीन काही शिकू न शकणारी बाई तीन आठवड्यांत हे शिकली, असं मी कुणापाशी बोलले नाही. एका सकाळी शकूताईंनी कॉलवर विचारलं, "काय गं पद्मे, ओळखलंस का?" आणि आईंनी घडी घातली.

"हे काय आता?" शकूताई म्हणाल्या.

"सराव आहे, मावशी," मी म्हणाले. "आई, बोला आता."

"काहून नाही ओळखणार," आई म्हणाल्या. "तोंड तर तेच आहे तुझं."

मी हिरवा ठिपका दिला.

दुसऱ्या मुलाखतीला पीटरसनबाईच होत्या. त्यांनी डॉक्टरांचं पत्र वाचलं, दोन ठिकाणी परत वाचलं. मग म्हणाल्या की मागच्या वेळचा प्रकार पाहता एखादा प्रश्न विचारून खात्री करून घेते. यादीतला सहावा प्रश्न त्यांनी सावकाश विचारला. पहिल्या घटनादुरुस्तीने नागरिकाला दिलेला एक हक्क सांगा.

काकांच्या क्लासमध्ये याचं उत्तर एका शब्दाचं आहे. बोलण्याचा.

आईंनी हाताची घडी घातली आणि ओठांवर बोट ठेवलं.

दुभाष्याने प्रश्न मराठीत सांगितला. बोट हललं नाही. पीटरसनबाई बराच वेळ बघत राहिल्या. आई मात्र त्यांच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. पाटीवर बेरीज करून झालेलं मूल बाईंकडे बघतं तसं. मी कोणाला दिसणार नाही इतपत मान हलवली. शाबास.

पेनाचं टोपण निघालं. सूट मंजूर झाली. शिवाय बाईंना शपथेचा अर्थ समजेल असं दिसत नाही, तेव्हा शपथेतूनही सूट मिळाली. देशाशी एकनिष्ठ राहीन, हे न म्हणता आई अमेरिकेच्या नागरिक झाल्या. त्यानंतर भारताने त्या आता आपल्या नाहीत असा दाखला दिला आणि तो दाखला पाहून हव्या तेव्हा या असं कार्ड दिलं. या सगळ्याला आणखी अकरा आठवडे गेले. कुठेही एक कागद कमी पडला नाही.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शकूताईंचा कॉल आला.

"काय गं पद्मे, ओळखलंस का?"

हाताची घडी, तोंडावर बोट.

"आई, झाली परीक्षा. बोला आता," मी म्हणाले.

बोट हललं नाही. पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं, थकल्या असतील. दुसऱ्या दिवशी परीक्षितने फोनवर शाळेची घंटा शोधून वाजवली. तिसऱ्या दिवशी काका आले आणि म्हणाले, "पद्मजाताई, प्रश्न क्रमांक एक." आई काकांकडे दयाळूपणे बघत राहिल्या, बोट ठेवून. मंडळातल्या बायका येऊन गेल्या, प्रत्येकीने 'ओळखलंत का' विचारलं, प्रत्येकीने आपल्या नावाचं पहिलं अक्षर दिलं. माझ्या फोनमध्ये लाल द्यायचा की हिरवा, ते मला ठरवता येईना. मी राखाडी ठिपका सुरू केला.

डॉक्टर हॅल्वर्सनना विचारलं की आता खरंच विसरल्या आहेत, की आम्ही सांगितलं ते पाळतायत?

"सांगणं कठीण आहे," डॉक्टर म्हणाले. "तपासायचं तर प्रश्न विचारावा लागेल."

कार्ड हातात आलं, तिकिटं काढून झाली. परीक्षित पोहोचवून दहा दिवसांत परतणार होता, कारण रिलीज. आईंची बॅग मी भरली. तिच्यात जायचं कुठे आणि कोणाकडे ते मोठ्या अक्षरात लिहून, लॅमिनेट करून ठेवलं. ज्या बहिणीसाठी हे सगळं केलं, ती दारात उभी राहील तेव्हा काय होईल, याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. शकूताईंचा सकाळचा प्रश्न दिवसेंदिवस बारीक आवाजात यायला लागला होता.

निघायला चार दिवस राहिले होते. आठ वाजता कॉल आला. शकूताईंनी त्या दिवशी विचारलंच नाही. पदराने चष्मा पुसत, कोणाकडे न बघता म्हणाल्या, "आज गोळाभात केला होता, पद्मे. एकटीसाठी करावं वाटत नाही, पण केला."

माझ्या हातात लोण्याची सुरी होती. आईंचं बोट ओठांवरून खाली आलं.

"डाळीचा भरडा बारीक काढला असशील," आई म्हणाल्या. "गोळे फुटले असतील."

"फुटले न बाई दोन."

"फुटणारच. मी येते तर चक्कीवर मी जाईन. तू नको जाऊ."

"ये मग लवकर," शकूताई म्हणाल्या.

वर मीटिंगमध्ये असलेल्या परीक्षितच्या कानावर आईचा आवाज गेला. हेडफोन गळ्यात तसाच ठेवून तो दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आला आणि टेबलाशी गुडघ्यांवर बसला. त्याचे डोळे भरले होते.

"आई, तू बोललीस. आई, सांग बरं, ही कोण? स्क्रीनवर कोण आहे, सांग ना."

आईंनी हाताची घडी घातली.

तोच प्रश्न माझ्याही तोंडात आलेला होता, त्याचा आधी बाहेर पडला एवढंच. आणि इथवर वाचलंत म्हणजे तुम्हालाही आता विचारायचं असेल की शेवटी आईंनी शकूताईंना ओळखलं होतं का नाही. विचारा की. निघायला अजून दोन दिवस आहेत, त्या इथेच समोरच्या खुर्चीत बसल्या आहेत, आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत त्यांचं बोट ओठांवर असेल.